हरणीच्या पावलाने बल्ल्या मांडा

हरणी माझी भीमथडी घोडी, खांद्याला जेमतेम सव्वाचार फूट. फलटणकडच्या एका धनगराकडून आणली. धनगराचं बिऱ्हाड वाहून ओढे-ओघळ तुडवलेली, पण माझ्याकडे सपाट मैदानात पोर पाठीवर बसलं की पुढचे खूर घासत चालायची आणि ठेचकाळायची. यावर उपाय म्हणजे जमिनीवर ओळीने आडव्या बल्ल्या, म्हणजे लाकडी वासे, मांडून त्यांवरून चालवायचं, म्हणजे पाय उचलायची सवय लागते. पण असं होत असेल तर आधी नालबंदाला बोलवा. खूर वाढलेले असतील तर बल्ल्यांनी काही होणार नाही. हरणीचे खूर ठीक होते, सवयच आळशी.

बांबू वापरू नका. मी वापरले. तिचा पाय वर पडला, बांबू गरकन फिरला आणि बाई गुडघ्यांवर आली. पुढे आठवडाभर बांबू दिसला की फुरफुर. मग सेंट्रिंगच्या जुन्या निलगिरीच्या बल्ल्या आणल्या: आठ फूट लांब, चार इंच जाड. खिळे उपटले, सुताराकडून एक बाजू तासून सपाट करून घेतली, वर पांढरे-निळे पट्टे ओढले. लाल रंगाचा सोस नको, घोड्याला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही.

आता अंतर. सगळी चूक इथेच होते. छापील मापं मोठ्या घोड्यांची असतात, चालीला पावणेतीन फूट, दुडकीला सव्वाचार. त्या मापात हरणी दोन बल्ल्यांच्या मध्ये एक चोरटं पाऊल जास्तीचं टाकायची. म्हणून माप जनावराकडूनच घ्या. मातीवर पाणी शिंपडा, फळी फिरवा आणि तट्टाला तिच्या नेहमीच्या चालीने सरळ न्या. पुढच्या डाव्या खुराचे लागोपाठचे दोन ठसे शोधा, त्यांतलं अंतर मोजा, त्याचं निम्मं करा. हरणीचं साडेचार फूट भरलं, म्हणजे बल्ल्या सव्वादोन फुटांवर. दुडकीतही हेच, तिथे सव्वातीन आलं. ठसे तीन-चार वेळा घ्या, पहिल्या फेरीत जनावर आपल्याकडेच बघत चालतं.

सुरुवात एका बल्लीने. नंतर थेट तीन. दोन ठेवल्या की तट्टू दोन्ही मिळून एकच अडसर समजतं आणि उडी मारतं. मोहरकीला, म्हणजे तोंडावर चढवलेल्या दोरीच्या साजाला, लांब दोर बांधा, तो हाताला गुंडाळू नका, आणि खांद्याजवळून पण बल्ल्यांच्या टोकाबाहेरून चाला. मध्ये शिरलात तर तुम्हीच अडखळाल. आमच्याकडे हा मान माझ्या भाच्याला मिळाला. मान खाली घालून बल्ली हुंगू द्या. दोर ताणून डोकं वर ठेवलंत तर तिला पायाखालचं दिसणार कसं?

खूर बल्लीवरच पडत असेल तर बहुतेक अंतर कमी आहे, मध्ये जादा पाऊल येत असेल तर जास्त आहे. आधी नीट चालत होती आणि आता टकटक लागायला लागलं, तर दमली. दहा-पंधरा मिनिटं पुष्कळ झाली, तीही एक दिवसाआड.

महिन्याभराने एकाआड एक बल्लीचं एक टोक मातीच्या पोत्यावर चार बोटं उचला. विटेवर नको, कड लागते. पोर मात्र त्याआधी बसवू नका. बसवाल तेव्हा लगाम सैल ठेवून आयाळ धरायला सांगा, नाहीतर प्रत्येक बल्लीला तिच्या तोंडाला हिसका बसेल.