पुढच्या हँडहेल्डमध्ये काय हवं यावर वाद घालताय? आधी वॉट मोजा

पुढच्या स्टीम डेकला, म्हणजे व्हॉल्व कंपनीच्या हातात धरून खेळायच्या गेमिंग कॉम्प्युटरला (हँडहेल्डला), फोरके स्क्रीन हवी, दहा तास बॅटरी हवी, वजन निम्मं हवं असं कोणी म्हणालं की लगेच भांडायला उठू नका, फक्त एवढंच विचारा की याला वीज किती लागणार आणि ती येणार कुठून. अर्धा वाद तिथेच मिटतो.

सुरुवात बॅटरीपासून करा. 2022 च्या डेकमध्ये 40 वॉट-अवरची बॅटरी (म्हणजे 40 वॉट खाणारं मशीन तासभर चालेल एवढी वीज), चिप जास्तीत जास्त 15 वॉट खाते, पण स्क्रीन वायफाय एसएसडी फॅन सगळं धरलं तर जड गेमला अख्खं मशीन 25 वॉटच्या आसपास जातं, म्हणजे 40 भागिले 25, दीड तास आणि वर थोडी मिनिटं. कदंबा बसने फोंड्याहून पणजीला जाऊन परत येईपर्यंत खलास. मग मोठी बॅटरी मागणं चूक आहे का? अजिबात नाही, असूसच्या आरओजी अ‍ॅली या हँडहेल्डमध्ये 40 होती ती अ‍ॅली एक्समध्ये थेट 80 केली आणि वजन 608 वरून 678 ग्रॅम झालं, अमेरिकेत किंमत 100 डॉलर वाढली. ही खरी, होण्यासारखी मागणी. फक्त 100 वॉट-अवरच्या पुढे जाऊ नका, मोपा किंवा दाबोळीहून विमानात न्यायचं तर त्यावर एअरलाइनची परवानगी लागते, त्यामुळे कुठलीही कंपनी ती रेघ सहसा ओलांडणार नाही.

आता स्क्रीन. डेकची 1280 बाय 800, म्हणजे साधारण 10 लाख पिक्सेल. 1920 बाय 1200 केली की 23 लाख, सव्वादोनपट. ते रंगवायला ग्राफिक्सला जी मेमरी लागते तीच सीपीयूही वापरतो, आणि पहिल्या डेकमध्ये तिचा वेग सेकंदाला 88 जीबी, नंतरच्या ओएलईडी स्क्रीनच्या डेकमध्ये 102. त्यामुळे नुसती चिप नवी टाकून भागत नाही, मेमरीचा वेगही मागा, हे बहुतेक जण विसरतात. सात इंचावर पिक्सेल वाढवण्यापेक्षा पॅनल चांगला मागावा असं माझं ठाम मत आहे. 2023 च्या ओएलईडी डेकने तेच केलं, कमी वीज खाणारी 6 नॅनोमीटरची चिप, 50 वॉट-अवरची बॅटरी, सेकंदाला 90 वेळा चित्र बदलणारी (90 हर्ट्झ) स्क्रीन, आणि गेमचा वेग जवळपास तोच ठेवून व्हॉल्वने सांगितलेला बॅटरीचा वेळ 2 ते 8 तासांवरून 3 ते 12 वर गेला.

सॉफ्टवेअरवर मात्र मन मोकळं करून मागा कारण तिथे वजन वाढत नाही. बटण दाबलं की गेम झोपावा आणि पुन्हा दाबलं की तिथूनच उठावा, हे स्टीमओएसवर, म्हणजे डेकच्या लिनक्सवर बेतलेल्या सिस्टीमवर, छान चालतं आणि विंडोजवाल्या मशीनवर अजून भरवशाचं नाही. दुसरं म्हणजे सेकंदाला 40 फ्रेम, म्हणजे 40 चित्रं. एक फ्रेम 25 मिलिसेकंदांची, म्हणजे 30 च्या 33.3 आणि 60 च्या 16.7 च्या बरोबर मधोमध, हाताला मोठा फरक कळतो आणि वीज 60 पेक्षा बरीच कमी. व्हॅलोरंट किंवा फोर्टनाइट लिनक्सवर चालत नाही ही तक्रार रास्त आहे, पण ती अँटी-चीटची, म्हणजे खेळातली लबाडी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरची गोष्ट, ती हार्डवेअरच्या खात्यात टाकू नका.

आणि आपल्या हवामानाचं बोला ना! मे महिन्यात फॅन बाहेरची गरम हवाच आत ओढतो, जूनपासून दमट, किनाऱ्याला खारं वारं. चुंबकावर चालणाऱ्या हॉल इफेक्ट स्टिक मागा, त्यात घासणारा संपर्क नसतो म्हणून झिजून ड्रिफ्ट (हात न लावता स्टिक आपोआप सरकल्यासारखी वागणं) होत नाही, आणि बॅटरी गोंदाने चिकटवलेली नको, पहिल्या डेकमध्ये ती काढताना जीव जातो.

तरी चवथीला सगळी भावंडं जमल्यावर कोणी ऐकत नसेल तर डेक हातात द्या, परफॉर्मन्स ओव्हरले (खेळताना स्क्रीनवर फ्रेम, वॉट दाखवणारी पट्टी) चालू करा, एकच गेम आधी 15 वॉटवर आणि मग टीडीपी लिमिट (चिपने किती वॉट खायचे त्याची मर्यादा) 9 वर आणून खेळायला लावा, फ्रेम किती पडल्या आणि बॅटरीचा उरलेला वेळ किती वाढला ते दोन्ही आकडे कागदावर लिहा, आणि मग प्रत्येकाला विचारा यातलं काय सोडायला तयार आहेस.