उन्हाळ्यात एअर रायफलचा नेम बिघडला, तेव्हा

हिंगणघाटजवळच्या आमच्या गावी कापसाच्या रिकाम्या गोदामात मी १० मीटरचा सराव करतो. स्प्रिंगवाली ४.५ मिमीची एअर रायफल, लाकडी स्टॉक (नळी ज्यात बसते तो दस्ता). हिवाळ्यात पाच छर्रे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले जायचे. मे लागला आणि तेच छर्रे तळहाताएवढे पांगू लागले. या अंतरावर दहा गुणांचा ठिपका फक्त ०.५ मिमीचा असतो, तिथे एवढा फरक म्हणजे सरावच वाया.

आधी स्कोपवर (नेम धरायच्या दुर्बिणीवर) संशय घेतला. त्याचे माउंट, म्हणजे पकडी, घट्ट केले, छर्रे बदलले, नळी पुसली. आठवडा गेला, फरक शून्य.

मग शेजारच्या सुतारकाकांनी स्टॉक हातात घेतला न् म्हणाले, "बावा, लाकूड सुकलंय." तेच खरं होतं. आपल्याकडच्या कोरड्या उन्हात लाकूड आकसतं, त्यामुळे नळीचा भाग स्टॉकला धरणारे स्क्रू सैल पडतात. त्यात स्प्रिंगची बंदूक मागेपुढे दोन्हीकडे धक्का देते, स्क्रू आणखी ढिले होतात.

रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री केली. स्क्रू काढून आटे पेट्रोलच्या बोळ्याने पुसले, वाळू दिले, प्रत्येकावर निळ्या थ्रेडलॉकरचा, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा, एकच थेंब. (लाल लावू नका, पुढे स्क्रू निघता निघत नाही.) पुढचे दोन्ही आळीपाळीने थोडेथोडे आवळले, मागचा शेवटी. जोर लावायचा नाही, लाकूड चेपतं. रात्रभर तसंच ठेवलं.

सकाळी उन्हाआधी पाच छर्रे मारले. पुन्हा नाण्याखाली. आता दर रविवारी स्क्रू तपासतो, आणि रायफल टिनाच्या छपराखाली ठेवत नाही.