नूसा : महागड्या किनारी गावात सॅक घेऊन दोघांनी कसे राहावे

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात, ब्रिस्बेनच्या उत्तरेस सुमारे १४० किलोमीटरवर नूसा हे समुद्रकाठचे गाव आहे. येथील हेस्टिंग्ज स्ट्रीट म्हणजे उंची हॉटेले, उंची कपड्यांची दुकाने आणि आठवडाभराच्या भाड्यात एखाद्याचे महिन्याचे बजेट संपवणारी निवासस्थाने. त्यामुळे पाठीवर सॅक घेऊन हिंडणारी बहुतेक जोडपी नूसा दिवसभरात उरकतात आणि पुढच्या गावाला जातात. हे योग्य नाही. नूसात महाग आहे ती हेस्टिंग्ज स्ट्रीटच्या जवळ राहण्याची सोय. समुद्र, नदी, जंगल आणि त्यांतून जाणाऱ्या पायवाटा सर्वांसाठी खुल्या आहेत आणि त्यांना तिकीट नाही. हे लक्षात ठेवून खर्चाची आखणी केली, तर चार-पाच दिवसांचा मुक्काम सहज परवडतो.

गाव महाग का, याचेही कारण समजून घ्यावे, कारण राहण्याच्या जागेचा प्रश्न त्यातूनच निर्माण होतो. १९६२ साली स्थापन झालेल्या नूसा पार्क्स असोसिएशनने आणि त्यानंतर स्थानिक परिषदेने किनाऱ्यावरील बांधकामाला दीर्घकाळ लगाम घातला. इमारतींच्या उंचीवर मर्यादा आली, भूशिराचे जंगल राष्ट्रीय उद्यान म्हणून राखले गेले, आणि ब्रिस्बेनच्या दक्षिणेकडील गोल्ड कोस्टवर जशी गगनचुंबी इमारतींची रांग उभी राहिली तशी येथे राहिली नाही. परिणामी खोल्या मोजक्या आणि मागणी अफाट. ख्रिसमसपासून जानेवारीअखेरपर्यंतच्या शालेय सुट्ट्या, ईस्टर, मार्चमधील सर्फिंग महोत्सव आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास होणारी ट्रायथलॉन स्पर्धा या काळात हॉस्टेलमधील साधी गादीसुद्धा महाग होते. ज्यांना तारखा निवडण्याचे स्वातंत्र्य आहे, त्यांनी जून ते ऑगस्ट हा तेथील हिवाळा निवडावा. हवा कोरडी असते, दुपारचे तापमान वीस अंशांच्या आसपास राहते, पाणी थोडे गार असले तरी पोहता येते, आणि किनाऱ्यावरून हंपबॅक देवमासे उत्तरेकडे जाताना दिसतात.

ब्रिस्बेनहून तेथे पोहोचण्याचा खर्च मात्र नगण्य आहे. ऑगस्ट २०२४ पासून क्वीन्सलँडच्या सार्वजनिक वाहतुकीत प्रवासाचे भाडे अवघे ५० सेंट आहे. ब्रिस्बेनच्या रोमा स्ट्रीट स्थानकावरून सनशाइन कोस्ट मार्गाच्या गाडीने नॅम्बूर गाठावे आणि तेथून नूसाची बस धरावी. दोघांचे मिळून भाडे दोन डॉलरांपेक्षा जास्त होत नाही. विमानतळावरून शहरात येणारी रेल्वे खासगी असल्याने ती या सवलतीत बसत नाही. एका कार्डावर दोघांना प्रवास करता येत नाही, म्हणून गो कार्ड हे प्रवासाचे कार्ड प्रत्येकी एक घ्यावे आणि चढताना व उतरताना ते यंत्रावर टेकवावे. थेट नूसात सोडणाऱ्या खासगी बस वेळ वाचवतात, पण त्यांचे भाडे कित्येक पटींनी अधिक असते. भारतीय पारपत्रावर जाणाऱ्यांनी व्हिसाचे काम अर्थातच आधी संपवावे. पर्यटनासाठी बहुतेकांना उपवर्ग ६०० चा व्हिसा लागतो, तर १८ ते ३० वयोगटातील भारतीयांसाठी २०२४ पासून सोडतीद्वारे दिला जाणारा ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसाही उपलब्ध आहे. त्यात फिरता फिरता काम करण्याची मुभा असते.

राहण्यासाठी हेस्टिंग्ज स्ट्रीटचा विचार सोडून नूसा जंक्शन हा भाग निवडावा. तो टेकडीच्या पलीकडे, चालत पंधरा मिनिटांवर आहे. बसस्थानक, सुपरमार्केट आणि बॅकपॅकर हॉस्टेले तेथेच आहेत. जोडप्याने दोन हिशेब शेजारी मांडून पाहावेत: डॉर्ममधील, म्हणजे सामाईक शयनगृहातील, दोन गाद्यांचे भाडे आणि सामाईक न्हाणीघराच्या खासगी खोलीचे भाडे. गर्दी नसलेल्या दिवसांत या दोहोंतील फरक पुष्कळदा इतका थोडा असतो, की खासगी खोली घेणेच शहाणपणाचे ठरते. आणि सहा-आठ अनोळखी माणसांच्या खोलीत, दर वळणाला करकरणाऱ्या बंकवर चार रात्री काढल्यावर दोघांमधील संभाषण किती गोड राहते, हाही हिशेबाचाच भाग आहे. लग्नाचा दाखला तेथे कोणी मागत नाही. तंबू असेल तर नूसाव्हिलमधील मुन्ना पॉइंट येथे नदीकाठी परिषदेचे हॉलिडे पार्क आहे. भाड्याची व्हॅन घेऊन किनाऱ्यालगत रस्त्यावर झोपण्याचा मोह मात्र टाळावा, कारण सार्वजनिक जागी वाहनात झोपण्यास या भागात मनाई आहे आणि पहाटे काचेवर टकटक होऊन दंडाची पावती मिळू शकते.

खरी बचत स्वयंपाकघरात होते. हॉस्टेलच्या सामाईक ओट्यावर दोन वेळा रांधणारे जोडपे बाहेर खाणाऱ्यांच्या तुलनेत एका दिवसात दुसऱ्या रात्रीच्या भाड्याइतके पैसे राखू शकते. मसूर डाळ, बासमती, डब्यातील छोले, मोहरी, जिरे, हळद हे सर्व साध्या सुपरमार्केटात मिळते. पोह्यांसाठी मात्र ब्रिस्बेनमधील भारतीय दुकानातूनच पिशवी घेऊन निघावे. भारतातून खाद्यपदार्थ नेताना प्रवेशपत्रकावर प्रत्येक वस्तू जाहीर करावी. ताजा कढीपत्ता, फळे, पेरण्याजोगे बी आणि बहुतेक घरगुती दुग्धजन्य पदार्थ काढून घेतले जातात, आणि जाहीर न करता नेल्यास जबर दंड होतो. आईने दिलेले साजूक तुपातले लाडू अधिकाऱ्यापुढे भावनिक युक्तिवाद करून वाचत नाहीत. दुकानातील प्रत्येक फळीवर किमतीखाली बारीक अक्षरांत प्रति १०० ग्रॅम वा प्रति किलो दर छापलेला असतो, तो वाचण्याची सवय लावावी. संध्याकाळी पाव, दही आणि चिरलेल्या भाज्यांवर कमी किमतीच्या चिठ्ठ्या लागतात.

सामाईक स्वयंपाकघराचे दोन नियम काटेकोरपणे पाळावेत. फ्रिजमध्ये ठेवलेल्या पिशवीवर नाव, खोली क्रमांक आणि मुक्काम संपण्याची तारीख लिहावी, कारण तारीख नसलेल्या पिशव्या साफसफाईच्या दिवशी सरसकट फेकल्या जातात. दुसरा नियम फोडणीचा. धूरसूचक यंत्र छताला असते आणि त्याला लाल मिरचीचा ठसका व आग यांतला फरक कळत नाही. ते वाजल्यास अग्निशमन दल येऊ शकते आणि त्या फेरीचा खर्च हॉस्टेल पाहुण्यांकडून वसूल करू शकते. म्हणून धूरशोषक पंखा आधी सुरू करावा, तेल मंद आचेवर तापवावे, मोहरी तडतडली की भांडे लगेच आचेवरून खाली घ्यावे आणि मिरची त्यानंतरच घालावी.

संध्याकाळचे जेवण बाहेर घ्यायचे असेल तर हेस्टिंग्ज स्ट्रीटच्या पश्चिम टोकाला असलेल्या नूसा वूड्स येथे जावे. झाडांखाली बाके आहेत आणि विनामूल्य विजेचे बार्बेक्यू आहेत. बटण दाबले की लोखंडी पत्रा तापतो आणि ठरावीक वेळाने आपोआप बंद होतो. त्याच पत्र्यावर आधीच्या कुटुंबाने सॉसेज भाजलेले असतात, त्यामुळे शाकाहारी मंडळींनी अॅल्युमिनियमची फॉइल जवळ बाळगावी. मक्याची कणसे, ढोबळी मिरची आणि हलुमी चीज त्यावर उत्तम भाजले जाते. ब्रश टर्की नावाचा काळा, लाल मानेचा पक्षी बाकाभोवती घुटमळत असतो. ताट सोडून कणीस उलटायला उठल्यास ताट त्याचे झाले असे समजावे. निघताना पत्रा पुसून ठेवणे हा तेथील शिष्टाचार आहे.

मुक्कामातील एक संपूर्ण दिवस राष्ट्रीय उद्यानासाठी राखावा. हेस्टिंग्ज स्ट्रीटच्या पूर्व टोकापासून समुद्राच्या कडेने फळ्यांची वाट उद्यानाच्या प्रवेशद्वाराशी जाते. मोटारींना तेथे सकाळी लवकरच जागा मिळेनाशी होते, पायी येणाऱ्याला ती चिंता नसते. किनारवाट टी ट्री बे, डॉल्फिन पॉइंट, ग्रॅनाइट बे आणि हेल्स गेट्स या क्रमाने सनशाइन बीचपर्यंत सुमारे ५.४ किलोमीटर जाते. आरंभीच्या सहलस्थळापाशी त्या दिवशी कोआला कुठे दिसला याची नोंद फलकावर असते, ती वाचून निघावे. कोआला शोधताना नजर निलगिरीच्या शेंड्यावर न ठेवता खोडाला जेथे फांद्या फुटतात त्या बेचक्यांवर ठेवावी. तो दिवसाचा बहुतेक काळ झोपलेला असतो आणि खालून पाहताना राखाडी गाठीसारखा दिसतो. वारा नसताना ती गाठ हलली किंवा तिला एक गुबगुबीत कान दिसला, तर शोध संपला. ग्रॅनाइट बे आणि हेल्स गेट्स यांच्या दरम्यान खडकांतील फेअरी पूल्स आहेत. तेथे ओहोटीच्या वेळीच उतरावे, कारण भरतीत आणि मोठ्या लाटांत माणसे खडकावर आपटून जखमी होतात. हेल्स गेट्सच्या पलीकडचा अलेक्झांड्रिया बे सुंदर असला तरी तेथे जीवरक्षक नसतात आणि समुद्राची ओढ जबर आहे. शिवाय काही मंडळी तेथे वस्त्रांविना वावरतात, हे आधीच ठाऊक असलेले बरे. सनशाइन बीचला पोहोचल्यावर परत चालण्याऐवजी जंक्शनची बस घ्यावी.

पोहण्यासाठी मेन बीच सर्वांत योग्य आहे. तो उत्तराभिमुख असल्याने दक्षिणेकडून येणाऱ्या लाटांपासून त्याचा बचाव होतो आणि जीवरक्षक वर्षभर असतात. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यातच उतरावे. कोकणच्या किनाऱ्यावर पोहणाऱ्यांनीही हा नियम पाळावा, कारण ओढीच्या प्रवाहात सापडल्यास त्याच्याविरुद्ध हात मारत राहणारा माणूस दमून बुडतो. तरंगत राहून हात वर करणे हाच उपाय आहे. निळ्या फुग्यासारख्या ब्लूबॉटलचा डंख झाल्यास तंतू काढून ती जागा सोसवेल इतक्या गरम पाण्यात वीस मिनिटे ठेवावी. ऊन फसवे आहे, ढगाळ दिवशीही त्वचा भाजते. एसपीएफ ५० चे क्रीम दोन-दोन तासांनी लावावे. क्वीन्सलँडमध्ये घड्याळे उन्हाळ्यात पुढे सरकवत नाहीत, त्यामुळे डिसेंबरात पहाटे पाचच्या आतच सूर्य उगवतो आणि किनाऱ्यावर तोपर्यंत अर्धे गाव जमलेले असते.

पैसे खर्चायचे असतील तर ते एकाच गोष्टीवर, नूसा एव्हरग्लेड्सवर खर्चावेत. लेक कूथाराबाच्या वर नदी अरुंद होते आणि वनस्पतींतील टॅनिनमुळे पाणी काळ्या चहासारखे दिसते. वारा पडलेला असताना त्यात काठाची झाडे इतकी स्पष्ट उमटतात, की छायाचित्र उलटे धरले तरी कळत नाही. दोघांच्या कनूचे भाडे एका जेवणाच्या बिलाहून फार जास्त नसते. तलाव उथळ असल्याने दुपारच्या वाऱ्याने लगेच खवळतो, म्हणून सकाळीच निघावे आणि पिण्याचे पाणी बरोबर घ्यावे. बुधवार किंवा शनिवार हाती असेल तर नॅम्बूरच्या बसने युमंडीला उतरून तेथील बाजार पाहावा. तो १९७९ पासून भरतो.

ज्यांच्या पायांत जोर आहे आणि पाच दिवस शिल्लक आहेत, त्यांनी कूलूला ग्रेट वॉकचा विचार करावा. टेवांटिनहून फेरीबोटीने नदी ओलांडल्यावर नूसा नॉर्थ शोअरपासून रेनबो बीचपर्यंत १०२ किलोमीटरची ही वाट जाते. वाटेत पादचाऱ्यांसाठी चार तळ आहेत आणि प्रत्येक रात्रीचा परवाना उद्यान विभागाकडून आधी ऑनलाइन घ्यावा लागतो. तळावरील टाकीचे पाणी उकळून किंवा शुद्ध करून प्यावे. वाट संपते तेथून के’गारी बेट, म्हणजे २०२३ पर्यंत अधिकृतपणे फ्रेझर आयलंड म्हणवले जाणारे बेट, जवळ आहे. त्यामुळे ही चाल मुक्कामाच्या शेवटी ठेवावी आणि नूसातील खोली सोडतानाच सर्व सामान बरोबर घ्यावे.