पत्रिकेत छापलं म्हणजे वाजलं असं नाही

आकाशवाणीच्या एखाद्या केंद्राचा इतिहास लिहायला घेताय? घ्या. रेकॉर्डर कुठे ठेवायचा, संमतीपत्र कधी घ्यायचं, हे तुम्हाला ठाऊक असणार. मला जिथे ठेच लागली तेवढंच सांगते, कारण अंगठा अजून ठणकतोय.

जिल्ह्याच्या गावातल्या एका केंद्रावर माझा प्रबंध होता आणि त्यातलं एक प्रकरण एका शाहिरांवर. घरच्यांनी ट्रंकेतून करारपत्र काढून दाखवलं: प्रसारण 2 नोव्हेंबर 1984, तिसरी सभा (म्हणजे संध्याकाळ-रात्रीचं प्रसारण), पोवाडा. कार्यक्रमांच्या छापील पत्रकातही तीच तारीख. शाहिरांच्या मुलीला तर ती रात्र लख्ख आठवत होती. सगळी आळी त्यांच्या अंगणात रेडिओभोवती जमलेली. तीन पुरावे, तिन्ही जुळणारे. मग काय, मी ठोकून दिलं: 'या रात्री त्यांचा आवाज पहिल्यांदा जिल्हाभर घुमला.' मार्गदर्शकांनी त्या वाक्याशेजारी हिरव्या शाईने 'सुंदर' लिहिलं.

आता ती तारीख पुन्हा वाचा. 31 ऑक्टोबरला इंदिरा गांधींची हत्या झाली, 3 नोव्हेंबरला अंत्यसंस्कार झाले. आणि मधल्या दिवशी आकाशवाणीवर डफ-तुणतुण्यासह पोवाडा?

हे माझ्या लक्षात आलं नाही, मार्गदर्शकांच्या नाही, तोंडी परीक्षेतही कुणाच्या नाही. पदवी मिळाल्यावर एका निवृत्त ड्यूटी ऑफिसरांकडे प्रत द्यायला गेले. त्यांनी ते पान वाचलं, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "बाई, त्या आठवड्यात आम्ही सारंगी आणि भजनं सोडून दुसरं काही लावलं असतं, तर नोकरी गेली असती."

जमीन दुभंगावी असं वाटलं. पण चूक नीट समजून घ्या, कारण तुम्हीही हीच करणार आहात. माझ्याकडचे तीन पुरावे मुळात एकच होते. करारपत्र प्रसारणाच्या आधी निघतं. पत्रक त्याच नियोजनावरून, तेही आधीच छापलं जातं. राहिली मुलीची आठवण. रात्र खरी होती, पण तिला चिकटलेली तारीख ट्रंकेतल्या त्या कागदावरून आली होती. वर्षानुवर्षं तो कागद पाहून पाहून ती पाठ झालेली. म्हणजे तिन्हीकडे 'होणार आहे' असंच होतं. 'झालं' असं सांगणारा एकही कागद मी पाहिला नव्हता.

'झालं' सापडतं ड्यूटी रूमच्या लॉगबुकात. कार्यक्रम किती वाजता सुरू झाला, कुठे टेप तुटली, ट्रान्समीटर किती मिनिटं बंद पडला, कोणाच्या जागी कोण आलं, सगळं तिथे लिहिलेलं असतं. क्यू-शीटवर, म्हणजे दिवसभराच्या कार्यक्रमांच्या क्रमपत्रावर, पेनाने खोडून केलेले बदल तर सोन्याच्या मोलाचे. दुर्दैव असं की हे कागद रद्दीत जातात आणि चकचकीत स्मरणिका मात्र जपून ठेवल्या जातात. माझ्या बाबतीत लॉगबुक नव्हतंच. पुष्कळ शोधाशोधीनंतर पोवाड्याच्या टेपचा पुठ्ठ्याचा डबा हाती लागला. झाकणाच्या आतल्या बाजूला निळ्या बॉलपेनने लिहिलं होतं: '2/11 रद्द. 14/12 ला घेतला.' अक्षर ड्यूटी ऑफिसरांनी ओळखलं. टेप लायब्ररीत काम करणाऱ्या बाईंचं. त्यांचं नाव केंद्राच्या एकाही स्मरणिकेत नाही.

तेव्हापासून माझ्या वहीत दोन रकाने असतात, 'ठरलं' आणि 'लागलं'. दुसरा रिकामा असेल तर वाक्यात 'प्रसारित झाला' लिहायचं नाही. 'नियोजित होता' लिहा. रुक्ष दिसतं, दिसू दे.

कॅलेंडर वापरायला शिका, फुकट असतं. पुणे केंद्रावरचं गीतरामायण घ्या. 1 एप्रिल 1955 ला, रामनवमीच्या शुक्रवारी सुरुवात, दर शुक्रवारी एक नवं गाणं, शेवट 19 एप्रिल 1956 च्या रामनवमीला, एकूण 56 गाणी. वर्षाचे आठवडे 52, मग 56 कशी? त्या वर्षी भाद्रपद अधिक होता, म्हणून रामनवमी लांबली. मी बोटांवर मोजलं: 13 एप्रिल 1956 पर्यंत 55 शुक्रवार होतात, आणि रामनवमीचा गुरुवार धरला की 56. हिशेब चोख बसल्यावर मला झालेला आनंद घरात कुणाला कळला नाही. पण हिशेब बसला म्हणजे प्रत्येक गाणं त्या त्या दिवशी लागलंच, हे सिद्ध होत नाही. तारखा एकमेकींच्या विरोधात नाहीत, एवढंच कळतं.

मार्गदर्शकांबद्दल माझं मत थोडं कडू आहे. इतिहासाचे प्राध्यापक जरूर गाठा, पण त्याआधी एखादा निवृत्त इंजिनिअर गाठा. निवेदकांना स्वतःचे कार्यक्रम आठवतात, केंद्र संचालकांना पाहुणे आठवतात. इंजिनिअरला मात्र ट्रान्समीटर कधी आला, कधी जळला, हे पावसाळ्यानिशी आठवतं. आणि स्मरणिकेतून उतरवून काढणं हा शॉर्टकट नव्हे, ती उसनवारी आहे. एकाची चूक दहा जणांनी छापली की दहा संदर्भ तयार होतात.

'पहिला' हा शब्द दिसला की थांबा. मुंबईत रेडिओ क्लबचं प्रसारण 1923 मधलं, इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र 23 जुलै 1927 चं, ऑल इंडिया रेडिओ हे नाव 1936 चं. सुरुवात कुठली, ते तुम्ही काय मोजताय त्यावर ठरतं. गोव्यात कुणी पणजी केंद्राची गोष्ट 1961 नंतरच सुरू करतं, तेव्हा आधीचं पोर्तुगीज अमलातलं 'एमिसोरा दि गोवा' गायब होतं. नैमित्तिक निवेदकही असेच गायब होतात. ते कायम नोकरीत नसतात, त्यामुळे कर्मचाऱ्यांच्या यादीत नसतात, आणि यादीवरून इतिहास लिहिला की इतिहासातही नसतात. त्यांना शोधा.

घाबरू नका मात्र. चूक सापडली तर दुरुस्त करता येते. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन त्या पानावर शुद्धिपत्राची चिठ्ठी डकवली. ग्रंथपालांनी परवानगी द्यायला तीन आठवडे लावले, ते सोडा.

त्याहून अवघड होतं शाहिरांच्या मुलीला सांगणं. फोनवर त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आम्ही जमलो होतो ते खोटं का?" मी म्हटलं, "नाही हो काकू. जमलाच होतात, फक्त डिसेंबरात." त्या चटकन म्हणाल्या, "तरीच. शेकोटी होती ना अंगणात!"

रात्री मी जुनं रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. पहिल्याच मुलाखतीत त्यांनी शेकोटीचं सांगितलं होतं, अंगावर गोधड्या घेऊन बसल्याचंही. उतरवून काढताना मी ते 'अवांतर' म्हणून गाळलं होतं.