घडीचा चाकू: पाच हजारावा नग पहिल्यासारखा कसा उतरवावा

वाळूज किंवा चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या लघुउद्योजकाने घडीचे चाकू करायचे ठरवले, तर त्यासाठी लागणारी प्रेस, भट्टी आणि कसबी माणसे त्याला बहुधा आसपासच मिळतील. एक चाकू उत्तम करणे हे कारागिराच्या हाताचे काम आहे. पण पाच हजारांपैकी कोणतेही पाते कोणत्याही मुठीत बसावे आणि ते घासू नये की डुगडुगू नये, हे काम मोजमापाचे आहे.

पोलादाची पट्टी घेताना तिचे टेस्ट सर्टिफिकेट मागून घ्यावे आणि त्यावरचा हीट नंबर (पोलाद ज्या ओतातून आले त्याचा क्रमांक) लॉटच्या कार्डावर शेवटपर्यंत चालवावा. ४४०सी या स्टेनलेस पोलादात कार्बन सुमारे १ टक्का आणि क्रोमियम १६ ते १८ टक्के असते, तर ४२० गटात कार्बन बराच कमी असतो. त्यामुळे दोन्हींची सरमिसळ झाली, तर भट्टी कितीही नेमकी चालवली तरी कठिणता एकसारखी येत नाही.

खरे लक्ष द्यायचे ते पाते ज्या पिनवर फिरते त्या छिद्राकडे. डायमधून पाते कापले गेले की हे छिद्र रीमरने (छिद्र किंचित मोठे करून अचूक मापाला आणणाऱ्या हत्याराने) नेमक्या मापाचे करावे आणि पुढच्या प्रत्येक फिक्श्चरमध्ये, म्हणजे नग पक्का धरणाऱ्या साच्यात, पाते याच छिद्रावर बसवावे, मग ते घासणे असो, खाच पाडणे असो वा तपासणे असो. एका ठिकाणी कडेवरून आणि दुसऱ्या ठिकाणी छिद्रावरून माप धरले, तर प्रत्येक टप्प्याची लहानशी चूक पुढच्या चुकीत मिसळत जाते आणि जोडणीच्या टेबलावर कोणाचेच चुकलेले नसताना चाकू मात्र बसत नाही. छिद्रासाठी गो-नोगो गेज ठेवावे, म्हणजे ज्याचे एक टोक छिद्रात जायलाच हवे आणि दुसरे जाता कामा नये असे मापक. भर उन्हाळ्यात मशीनवरून गरम उतरलेला जॉब (काम चालू असलेला नग) लगेच मोजू नये. लांबीच्या मापांचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस आहे आणि १०० मिमी पोलाद २० अंशांच्या फरकाने सुमारे २३ मायक्रॉन वाढते. छिद्रासारख्या लहान मापात हा फरक किरकोळ असला, तरी जॉब आणि गेज काही वेळ एकाच टेबलावर ठेवण्याची सवय चांगली.

चाकूच्या सर्व भागांना सारखीच कठिणता देण्याची चूक नवखे करतात. व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीच्या चाकूंत पाते ५६ रॉकवेल सी (कठिणतेचे माप) असते, तर पाते उघडे वा मिटलेले धरून ठेवणारी मुठीतली स्प्रिंग ४९ असते, कारण पात्याला धार टिकवायची असते आणि स्प्रिंगला न तुटता वाकायचे असते. त्यांच्या पात्याचे हार्डनिंग (तापवून कठीण करणे) १०४० अंशांवर आणि टेंपरिंग (ठिसूळपणा घालवण्यासाठी पुन्हा कमी तापवणे) १६० अंशांवर होते. मात्र हे आकडे त्यांच्या पोलादाचे आहेत, आपल्या पोलादाचे आकडे पुरवठादाराच्या तक्त्यावरूनच घ्यावेत. भट्टीच्या ट्रेमधील मधला एक आणि कोपऱ्यांतले नग तपासल्याशिवाय लॉट पुढे सोडू नये. भट्टीतल्या सगळ्या जागा सारख्या तापतात, हा समज महागात पडतो.

हार्डनिंगनंतर पाते घासताना कूलंट (थंड ठेवणारे द्रावण) कमी पडले, तर धारेची बारीक कड तापून निळसर होते आणि भट्टीत मिळालेली कठिणता तिथेच जाते. उन्हाळ्यात कूलंटमधील पाणी उडून ते घट्ट होते, म्हणून त्याचा दाटपणा रोज रिफ्रॅक्टोमीटर या उपकरणाने तपासावा. निळसर डाग पॉलिशने घालवलेला नग चांगला दिसतो, पण तो बादच धरावा.

जोडणीत पाते उघडे, अर्धे आणि मिटलेले असताना स्प्रिंगची पाठ डायल गेजखाली तिन्ही वेळा मुठीच्या पाठीशी समपातळीत यावी. ती येत नसेल, तर स्प्रिंग ठोकून वाकवण्यापेक्षा पात्याच्या बुडाचे छिद्रापासूनचे माप पाहावे. दोष बहुधा तिथेच सापडतो. रिवेट दाबताना दोन पत्र्यांमध्ये ठरावीक जाडीची शिम (पातळ पट्टी) ठेवावी, म्हणजे पाते ना घट्ट होते ना सैल.

धार शेवटी लावावी, प्रत्येक बाजूला १५ ते २० अंशांत ठरवलेला एकच कोन धरून आणि हाताऐवजी फिक्श्चरमध्ये. धारेसाठी आयएसओ ८४४२-५ ही चाचणी आहे. तीत सिलिका मिसळलेला कागद कापून पहिली तीक्ष्णता आणि धारेचा टिकाऊपणा दोन्ही मोजतात. प्रत्येक लॉटमधील काही नग या चाचणीत खर्ची घालावेत आणि त्यांची किंमत सुरुवातीपासूनच हिशेबात धरावी.