बॅटरी बदलली आणि होंडाचा रेडिओ ‘कोड’ मागू लागला

जुनी सिव्हिक, अकॉर्ड किंवा सीआर-व्ही. नवी बॅटरी बसवली, गाडी एका दमात सुरू झाली, पण रेडिओच्या पडद्यावर ‘कोड’ एवढा एकच शब्द. रेडिओ बिघडलेला नाही. चावी बंद असतानाही त्याला एका वायरीतून सतत १२ व्होल्ट मिळत असतात. तो पुरवठा तुटला की रेडिओ समजतो, आपल्याला कोणीतरी डॅशबोर्डातून काढून नेलं. मग योग्य आकडे मिळेपर्यंत तो तोंड उघडत नाही.

अंदाजाने बटणं मात्र दाबत बसू नका. होंडाचा नेहमीचा कोड ५ आकडी असतो आणि तो १ ते ६ या प्रीसेट बटणांनीच, म्हणजे स्टेशनं साठवायच्या बटणांनीच, टाकायचा असतो. म्हणजे शक्यता ७,७७६. दहा वेळा चुकलं की रेडिओ तासभर काही ऐकत नाही. या वेगाने सगळ्या शक्यता संपवायला रात्रंदिवस बसलात तरी महिन्याहून जास्त लागेल. खरा कोड त्याहून खूप लवकर मिळतो.

आधी एक सोपा उपाय करून बघा. अलीकडच्या काही होंडा मॉडेलांत रेडिओ आपल्या गाडीला ओळखतो. चावी ‘ऑन’वर आणा, रेडिओ चालू करा आणि त्याचं पॉवर बटण दोन सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरा. गाडीच्या कंट्रोल युनिटशी ओळख पटली तर रेडिओ कोड न मागता सुरू होतो. जुन्या मॉडेलांत यातून काही होणार नाही, पण नुकसानही नाही.

त्यानंतर कार्ड शोधा. नवी गाडी देताना ओनर्स मॅन्युअलबरोबर एक छोटं कार्ड मिळायचं, त्यावर कोड आणि रेडिओचा सीरियल नंबर दोन्ही असतात. कार्ड नसेल तर ग्लोव्ह बॉक्स पूर्ण रिकामा करून आतल्या बाजू टॉर्च लावून बघा. बऱ्याच गाड्यांत तिथे पांढरं, बोटाएवढं स्टिकर असतं. मॅन्युअलच्या पहिल्या-शेवटच्या पानांवरही नजर टाका. स्टिकरवर ५ आकडी आणि ८ आकडी असे दोन नंबर दिसले तर ५ आकडी तो कोड. त्यात ०, ७, ८ किंवा ९ असेल तर तो कोड नव्हे, कारण ती बटणंच नाहीत.

जुन्या गाडीच्या बाबतीत इथेच सगळ्यात मोठी गफलत होते. कोड गाडीचा नसतो, रेडिओच्या डब्याचा असतो. आधीच्या मालकाने भंगारातून दुसरा रेडिओ आणून बसवला असेल तर ग्लोव्ह बॉक्समधलं कार्ड मूळ रेडिओचं आहे आणि त्यावरचा कोड कितीही वेळा टाकला तरी चालणार नाही. म्हणून कार्ड हातात असलं तरी समोरच्या रेडिओचा सीरियल नंबर पडताळा.

तो बहुतेक वेळा रेडिओ न काढताच मिळतो. चावी ‘एसीसी’वर, म्हणजे इंजिन बंद असताना रेडिओ चालतो त्या खाचेवर ठेवा, इंजिन सुरू करायची गरज नाही. रेडिओ बंद करा. १ आणि ६ ही दोन्ही बटणं एकदम दाबून धरा आणि तशीच धरून ठेवून पॉवर बटण दाबा. पडद्यावर ‘यू’ अक्षरामागे चार आकडे येतात, मग ‘एल’मागे चार. यू ४१७२ आणि एल ०३८५ दिसलं तर सीरियल नंबर ४१७२०३८५. मधला शून्य गाळू नका, पुष्कळ लोक तिथेच चुकतात. हातात पेन घेऊन बसण्यापेक्षा मोबाइलने पडद्याचा व्हिडिओ काढा. काहीच दिसलं नाही तर रेडिओ आधी बंद होता ना, हे बघून पुन्हा करा. दोन बटणं आधी, पॉवर नंतर, हा क्रम महत्त्वाचा.

नव्वदच्या दशकातल्या गाड्यांत नंबर असा दिसत नाही. तिथे रेडिओ बाहेर काढावा लागतो. १० नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा आणि एअरबॅग असलेल्या गाडीत निदान तीन मिनिटं थांबा. कोड तसाही गेलेलाच आहे, त्यामुळे बॅटरी सोडायला बिचकू नका. भोवतालची प्लास्टिकची पट्टी स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, क्लिपा तुटतात आणि जुन्या गाडीच्या क्लिपा मिळत नाहीत. प्लास्टिकची पट्टी काढायचं हत्यार स्वस्तात मिळतं. गिअरच्या भागावर जाड फडकं पसरा, नाहीतर रेडिओच्या पत्र्याचे ओरखडे कायमचे राहतात. स्टिकर डब्याच्या वर किंवा बाजूला असतं. त्यावर ३९१०० ने सुरू होणारा नंबर हा पार्ट नंबर आहे, तो देऊन कोड मिळत नाही.

आता कोड द्यायचा कोणी? भारतात होंडाच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा. सीरियल नंबर, चासी नंबर, आरसी आणि ओळखपत्र बरोबर ठेवा. गाडी तुमच्या नावावर झालेली नसेल तर आधी ते काम उरका. मालकी तपासतात म्हणून चिडू नका, ही सगळी व्यवस्थाच चोरी रोखण्यासाठी आहे. अमेरिकेत सेकंड-हँड होंडा घेतलेल्या आपल्या मंडळींना आणखी सोपं आहे. होंडाच्या रेडिओ-नॅव्ही कोडच्या अधिकृत संकेतस्थळावर १७ अक्षरी व्हीआयएन (म्हणजे चासी नंबर), सीरियल नंबर, झिप कोड आणि फोन नंबर भरला की कोड फुकट मिळतो. पैसे घेऊन कोड ‘काढून देणाऱ्या’ अनोळखी साइटकडे त्याआधी वळू नका. नॅव्हिगेशन असलेल्या गाडीत नॅव्हिगेशनचा ४ आकडी कोड वेगळा असतो, दोन्ही एकदमच मागून घ्या.

कोड टाकताना रेडिओ चालू करा, पडद्यावर ‘कोड’ आला की प्रीसेट बटणांनी पाच आकडे सावकाश दाबा. पाचवा बरोबर पडला की रेडिओ आपोआप वाजू लागतो. मध्ये चुकीचं बटण दाबलं गेलं तर तिथे थांबू नका, पाचही आकडे पूर्ण करा आणि मग पहिल्यापासून टाका. अर्धवट सोडून नव्याने सुरुवात केली की आकडे सरकतात आणि बरोबर कोडही चुकीचा ठरतो.

दहा प्रयत्न आधीच वाया गेले असतील तर रेडिओ तासभर चालूच ठेवावा लागतो. ‘एसीसी’वर तासभर बॅटरी वापरली गेली की अशक्त बॅटरी बसते, म्हणून चार्जर लावा. इंजिन चालू ठेवायचं तर गाडी उघड्यावर उभी करा, बंद गॅरेजमध्ये कधीच नाही.

कोड टाकला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘कोड’? मग घड्याळाकडे बघा. तेही रोज पुन्हा पहिल्यापासून सुरू होत असेल तर रेडिओला सतत वीज देणारी वायर मेली आहे. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर ‘बॅकअप’ किंवा ‘रेडिओ’ लिहिलेला फ्यूज काढून तपासा आणि तेवढ्याच अँपिअरचा बसवा. रेडिओ फक्त स्टार्टर मारताना विसरत असेल तर संशय बॅटरीवर. इंजिन बंद ठेवून काही तास झाल्यावर मल्टिमीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. १२.२ म्हणजे निम्मीच भरलेली. स्टार्टर फिरताना ९.६ च्या खाली गेली तर बॅटरी बदलायची वेळ आली. बॅटरी चांगली असेल तर टर्मिनल हाताने हलवून बघा. हललं तर घट्ट करा, वर पांढरा-हिरवा थर असेल तर आधी साफ करा.

स्कोडा आणि फोक्सवॅगनच्या जुन्या रेडिओंवर ‘कोड’ऐवजी ‘सेफ’ दिसतं. कोड ४ आकडी असतो आणि संधी फक्त दोन, मग तासभर थांबा. सीरियल नंबर १४ अक्षरी असतो, स्कोडाचा ‘एसकेझेड’ने आणि फोक्सवॅगनचा ‘व्हीडब्ल्यूझेड’ने सुरू होतो. तिथे अंदाज लावणं तर सोडूनच द्या.

पुढच्या वेळी बॅटरी बदलण्याआधी ओबीडी सॉकेटला (मेकॅनिक तपासणीचं यंत्र जोडतो ते) लावायचा मेमरी सेव्हर घ्या, म्हणजे तेवढ्या वेळात वीज देणारी छोटी बॅटरी. त्या सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनला कायम पॉझिटिव्ह असतो, म्हणून चावी बंद असतानाही रेडिओला वीज मिळत राहते. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर विसंबू नका, बऱ्याच गाड्यांत चावी काढली की ते मरतं. दारं बंद ठेवा, नाहीतर आतला दिवा सेव्हरची छोटी बॅटरी खाऊन टाकतो. आणि सेव्हर लावलेला असताना गाडीची सुटलेली पॉझिटिव्ह वायर जिवंत असते. तिला सुक्या, जाड कापडात गुंडाळून बाजूला बांधा. बॉनेटच्या पत्र्याला ती टेकली तर ठिणगी उडेल आणि फ्यूज जाईल.