हौसेची मोटरबोट ते नेव्हीची गस्तीबोट, १५ इंची मॉडेल घरच्या घरी

आधीच सांगतो, डायरेक्ट युद्धनौका करायला बसू नका. आधी शेठची बोट करायची, पांढरीशुभ्र, पॉलिश मारलेली, आणि मग तिला नेव्हीत भरती करायची, कारण खरं पण तसंच झालेलं. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली, किनाऱ्यावर जर्मन पाणबुड्यांची भीती आणि गस्तीला छोट्या बोटी कमी, मग नेव्हीने श्रीमंतांच्या याट आणि मोटरबोटी विकत किंवा भाड्याने घेतल्या, काहींचं भाडं तर वर्षाला फक्त १ डॉलर, नावापुरतं. काही ठिकाणी मालकच नेव्हीच्या रिझर्व्हमध्ये (राखीव दलात) भरती होऊन स्वतःच्या बोटीवर कप्तान!

स्केल १:४८ घ्या, म्हणजे १ फुटाला पाव इंच, हिशोब सोपा. ६० फुटी बोट १५ इंचाची होते, रुंदी पावणेतीन इंच ठेवा. बाल्सा सांगलीत शोधत फिरू नका, सुताराकडून पांगाऱ्याचा ठोकळा आणा, लोण्यासारखा कापतो. बाहेरून रंधा आणि कानस, आतून पटाशीने पोकळ करा, मग लांबी (पुट्टी) भरून पॉलिश पेपर ८० पासून २२० पर्यंत. इथे घाई केली की पुढे रंगात सगळं दिसतं. केबिन फोम शीटची, खिडक्यांना फाईलच्या कव्हरचं प्लास्टिक, रेलिंगला वायंडिंगवाल्याकडची तांब्याची तार.

आता पांढरा रंग, डेकला वॉर्निश, मागे वेताच्या खुर्च्या आणि कापडी छत पण लावा. दोन दिवस वाळू द्या. मग खुर्च्या, छत सगळं काढा, पण भोकं बुजवू नका!! त्याच्यावर राखाडी रंगाचा पातळ हात, कोपऱ्यात वॉर्निश जरा डोकावलं पाहिजे. मला तर अख्ख्या मॉडेलमध्ये तेच आवडतं.

नाकाच्या दोन्ही बाजूला नंबर, 'एसपी' आणि पुढे आकडा, म्हणजे 'सेक्शन पॅट्रोल', किनाऱ्याच्या गस्तीची बोट. अक्षरं इंग्रजीच काढा, जुन्या एक्स-रे फिल्मचा स्टेन्सिल कापून. आकडा मी आमच्या जुन्या एम-एटी गाडीच्या नंबराचा टाकला. तसंही नंबर मिळूनसुद्धा नेव्हीने कधी ताब्यातच घेतल्या नाहीत अशा बोटी बऱ्याच होत्या, त्यामुळे तुम्हाला कोण विचारणार.

आता गन. छोट्या बोटींवर १ पौंडी (साधारण १ पौंडाचा गोळा फेकणारी) म्हणजे ३७ मिमीची किंवा ३ पौंडी तोफ असायची, सोबत मशीनगन. रिफिलचा तीन सेंटीमीटर तुकडा आणि खाली एम-सीलचा स्टँड, बास. हौसेच्या बोटीचा डेक तोफेचा धक्का सोसायला बनवलेला नसतो, म्हणून खरी बोट पण खालून मजबूत करावी लागायची, तुम्ही आतून प्लायचा तुकडा चिकटवा. मागे दोन डेप्थ चार्ज, म्हणजे पाणबुडीवर टाकायचे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब, जाड स्केचपेनचे दीड सेंटीमीटरचे तुकडे. (हळू चालणाऱ्या बोटीने ते टाकून पळायचं कसं हा प्रश्नच, स्फोटात स्वतःचीच शेपटी जायची.)

माझी पहिली बोट सांगलीत कृष्णेच्या माई घाटावर पहिल्याच मिनिटाला उलटी झाली, एम-सीलची गन जड आणि तळाला काहीच नाही. म्हणून भोयांकडून जाळ्याचं शिसं आणा, आधी घरच्या टबात बोट सोडून मधोमध तळाशी थोडं थोडं वाढवत जा, बोटाने कलंडवली की लगेच सरळ आली पाहिजे, तेव्हाच शिसं चिकटवा आणि डेक कायमचा बंद करा.

गन मात्र चिकटवू नका, बारीक स्क्रूने बसवा. युद्ध संपल्यावर भाड्याच्या बोटी तोफा काढून मालकाला परत गेल्या, तुम्हाला पण कधीतरी ते करावंसं वाटेल. कृष्णेत सोडताना मागे नायलॉनचा दोरा बांधा, आणि श्रावणात होड्यांच्या शर्यतीचं पाणी असतं तेव्हा नकोच, उन्हाळ्यात सोडा.